सुटकेचा फोटो

नाक्यावर मुली सापडल्या की फोटो काढायची पद्धत आहे. मध्ये मुली, तोंडावर ओढणी. दोन्ही बाजूंना आम्ही, गणवेशात, छाती काढून. मागे एखाद्या संस्थेचा फलक. दुसऱ्या दिवशी तिथल्या हिंदी पेपरात तिसऱ्या पानावर बातमी येते, कात्रण वर जातं, महिन्याच्या अहवालात आकडा वाढतो. कधी साहेब पाठ थोपटतात, कधी छोटं रोख बक्षीसही मिळतं. नेपाळ सीमेवरच्या माझ्या दोन पोस्टिंगांत असे सहा फोटो माझ्या वाट्याला आले. त्यातला एक घरी भिंतीवर होता. गेल्या दिवाळीत रंग काढताना तो उतरवला आणि परत लावला नाही.

का, ते आज लिहितो. आमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही. नाही आवडलं तरी चालेल.

जानेवारीतलं धुकं होतं. तिकडचं धुकं म्हणजे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आधी सायकलरिक्षाची घंटी ऐकू येते आणि मग रिक्षा. त्या रिक्षात एक मुलगी आणि एक तिशीतला पुरुष. मुलीच्या पायात नवे बूट, अंगात नवं जाकीट, हातात नवा मोबाइल आणि पाठीवर शाळेचं जुनं दप्तर. दप्तर बघून आमच्या महिला जवानाने रिक्षा थांबवली. ती जलपाईगुडीची, नेपाळी घरच्यासारखी बोलायची. “कता जाने, बहिनी?” मुलगी म्हणाली, दिल्लीला, फुपूकडे. पुरुष म्हणाला, हा माझ्या मामाचा मुलगी. घाईत त्याचं व्याकरणही चुकलं आणि नातंही. दोघांना वेगळं बसवून विचारलं तर फुपूचं नाव एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. वय तिने अठरा सांगितलं. सोळाच्या वर ती नक्कीच नव्हती.

पुरुष शौचाला जातो म्हणून गेला आणि धुक्यात नाहीसा झाला. मुलगी आम्ही संस्थेच्या ताब्यात दिली, संस्थेने पलीकडे पोहोचवली, पलीकडच्यांनी घरी. फोटो झाला. हाच तो भिंतीवरचा.

आठ महिन्यांनी मी तिथून साठेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या नाक्यावर होतो. दसैंच्या आधीची गर्दी. त्या गर्दीत तीच मुलगी. मला बघून ती घाबरली नाही, ओशाळलीही नाही. एसटीत गावचं माणूस भेटल्यावर हसावं तशी ओळखीचं हसली. या वेळी दप्तर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत जे कळलं ते एवढंच. मागच्या वेळी तिला घरी पोहोचवलं तेव्हा पालक म्हणून सही केली तिच्या काकाने. आणि त्या धुक्यातल्या माणसाकडून आगाऊ पैसे घेतले होते तेही काकानेच. गावात बातमी पसरली की ही ‘बॉर्डरवर पकडलेली’. डोंगरातल्या गावात याचा अर्थ एकच होतो, मुंबईहून आलेली. मुंबई तिने सिनेमातच पाहिली होती, पण ते कोण ऐकतो. शाळा सुटली. काका पैशांवरून रोज मारायचा. शेवटी तिनेच त्या माणसाला फोन लावला. “या वेळी मला कोणी आणलं नाही,” ती म्हणाली. “मीच आले.”

पहिल्या वेळी आम्ही जिला ‘सोडवलं’ तिला आम्ही विकणाऱ्याच्याच हातात दिलं होतं. पावती घेऊन.

आता ज्यांनी ही सीमा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. भारत-नेपाळ सीमा १७५१ किलोमीटर. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम अशी पाच राज्यं. २००१ पासून ती सशस्त्र सीमा बलाकडे आहे. १९५०च्या मैत्री करारामुळे दोन्हीकडच्या माणसांना व्हिसा लागत नाही. रक्सौल-वीरगंज, सुनौली, रुपईडिहा, पानीटंकी ही झाली मोठी नावं. बाकी शेताचे बांध, उसाचे फड आणि कोरड्या नद्या. बैल इकडे चरतो, गोठा तिकडे असतो. लग्नं इकडून तिकडे होतात. मधेस आणि मिथिला यांच्यात रोटीबेटीचे व्यवहार नेपाळ आणि भारत या नावांच्याही आधीपासूनचे. अशा सीमेवर जवानाने रोज हजारो माणसांतून एक मुलगी ओळखायची असते. आणि तो ओळखतो! माझ्या बलातल्या पोरापोरींच्या नजरेबद्दल मला शंका नाही. त्यांच्याहून तयार नजर पलीकडे उभ्या असलेल्या संस्थांच्या बायकांची. अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या माइती नेपाळच्या चौक्यांवर ज्या पोरी उभ्या असतात त्यांतल्या काही स्वतः या वाटेवरून गेलेल्या. त्यांना मुलीच्या चालण्यावरून कळतं.

पण ओळखण्यावर हा धंदा अडलेला नाही. तरीही माजी सैनिकांच्या कुठल्याही मेळाव्यात हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: “कुंपण घाला, प्रश्न मिटला.”

बांगलादेश सीमा ४०९६ किलोमीटर आहे आणि तिच्या मोठ्या भागावर कुंपण आहे, दिवे आहेत, बीएसएफ आहे. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईत छापा पडला की सापडलेल्या मुलींत बांगलादेशी नसतात असं कधी वाचलंत? कुंपणामुळे दलालाचा खर्च वाढतो, आणि तो खर्च तो मुलीच्या नावावर कर्ज म्हणून मांडतो. ते कर्ज तीच फेडते, शरीराने.

आणि कुंपणवाल्या माझ्या मित्रांना आणखी एक विचारतो. याच उघड्या वाटेने १९४७च्या त्रिपक्षीय करारापासून गोरखा पोरं आपल्या फौजेत भरतीला आली. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगताना आपली छाती फुगते. पोखरा आणि धरानच्या पेन्शन कचेऱ्यांसमोर आजही आपल्याच रेजिमेंटची टोपी घातलेले म्हातारे बसलेले असतात. २०२२ ला अग्निपथ आल्यापासून नेपाळमधली ती भरती थांबली, म्हणजे ज्या घरात मुलाचा पगार यायचा तो आता येत नाही. त्या घरातून कोण बाहेर पडणार? मुलगा गेला तर आखातात आणि मुलगी गेली तर या पुलावरून. तेव्हा ‘सीमा बंद करा’ म्हणताना आपण कोणाला आत घेत होतो आणि आता कोणाला बाहेर ठेवायचं म्हणतोय, हे एकदा मनाशी स्पष्ट असावं.

दुसरा उपाय याहून सभ्य दिसतो, म्हणून जास्त घातक. बायकांनाच जाऊ देऊ नका. नेपाळने हे करून पाहिलं. २०१२ मध्ये तीस वर्षांखालच्या बायकांना आखातात घरकामाला जायला बंदी केली. २०१७ मध्ये आखातातलं घरकामच बंद केलं. बायका थांबल्या नाहीत. काठमांडूचा विमानतळ बंद झाल्यावर त्या पुलावर आल्या, तिथून दिल्ली, मुंबई, आणि मग दुबई, कुवेत, सौदी. आधी निदान सरकारी कागदावर नाव होतं, मालकाचा पत्ता होता. बंदीनंतर राहिला फक्त दलालाचा मोबाइल नंबर. पुलावर आम्हाला दिसायचं: तिशीची बाई, दोन पोरांची आई, डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलते की बहिणीकडे चालले. तिला अडवायचं? ती फसतेय असं तिला वाटत नाही. तिला वाटतं फसवतोय तो मी, तिचं काम हिरावून. अशा बाईला अडवून मी अहवालात ‘सुटका’ लिहिलेली आहे. ती त्याच दिवशी चार किलोमीटर खालून शेतातून गेली असणार, याची मला खात्री होती आणि माझ्या साहेबांनाही.

मग अडतं कुठे? शिक्षेवर. याबद्दल कोणी फोटो काढत नाही.

कायदा काही कमी नाही. घटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही निषिद्ध ठरवली. पिटा कायदा १९५६ चा. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर वर्मा समितीच्या शिफारशींवरून २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं. आता भारतीय न्याय संहितेत ते १४३ आहे. कमीत कमी सात वर्षं, अल्पवयीन असेल तर दहाच्या वर. मुलीने संमती दिली होती का, हा प्रश्नच कायद्याने गैरलागू ठरवलाय. एक सर्वंकष विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं होतं. राज्यसभेत न येता ते २०१९ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. ते असतं तर फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. आहे तो कायदा वापरायला माणूस लागतो.

आमच्या हातात काय असतं ते सांगतो. आम्ही थांबवू शकतो, झडती घेऊ शकतो, पकडू शकतो. तपास आमचा नाही. मुलगी आणि आरोपी पोलिसांना द्यायचे, सोबत जप्तीचा कागद. ठाण्यात मानवी तस्करीविरोधी कक्षाचा फलक असतो, पण ज्याच्याकडे तो कक्ष असतो त्याच्याकडे दारूबंदीही असते, निवडणूक बंदोबस्तही आणि छठपूजेचे घाटही. एका ठाण्यात माझ्यासमोर अंमलदार म्हणाला, “मुलगी नेपाळला परत गेली की तक्रारदार कोण? केस कशाला घेता?” तो वाईट माणूस नव्हता. त्याने अशा दहा केसेस सुटताना पाहिल्या होत्या.

केस उभी राहिली तरी साक्षीदार कोण? मुलगी, जी दुसऱ्या देशात, दोन दिवसांच्या वाटेवर आहे आणि जिला समन्स पोहोचत नाही. पोहोचलं तर गावभर होतं. दुसरा साक्षीदार जवान. तारीख लागते चार-पाच वर्षांनी. तोवर त्याची दोनदा बदली झालेली. मला एका केसचं समन्स मिळालं तेव्हा मी अरुणाचलात, भूतान सीमेवर होतो, आणि समन्समधली तारीख नऊ दिवसांपूर्वी उलटून गेलेली होती. पुढे कळलं, ‘साक्षीदार गैरहजर’ असा शेरा पडून आरोपी सुटला. त्या निकालात माझं नाव आहे. फोटोत होतं तसंच.

देशभरात २०२२ मध्ये मानवी तस्करीचे गुन्हे किती नोंदले गेले? २२५०. एकशे चाळीस कोटींच्या देशात. एवढे कमी आकडे बघून आनंद वाटायला हवा, पण नाक्यावर उभा राहिलेला माणूस हसतो. सुटका हजारोंनी मोजायची आणि गुन्हा नोंदवायचा शेकड्यांनी, आणि शिक्षेची गोष्ट काढायचीच नाही, असा हा हिशोब.

हे सगळं आपल्या मुंबईत एकदा घडून गेलंय, आणि आपण विसरलो. फेब्रुवारी १९९६. कामाठीपुऱ्यातले छापे. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या, त्यांत दोनशेच्या वर नेपाळी. केवढ्या बातम्या झाल्या! मग त्यांना सुधारगृहांत ठेवलं. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार होईना: नागरिकत्वाचे कागद कुठे आहेत, एचआयव्ही आहे का, हेच चाललं. पाच महिने गेले. शेवटी जुलैत नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना परत नेलं. कोठ्यातून काढून कोठडीत, असंच त्यांना वाटलं असेल तर त्यांचं काय चुकलं?

त्या मुलींत चरीमाया तामाङ होती, सिंधुपाल्चोकची. सोळाव्या वर्षी नेलेली, बावीस महिने कोठ्यात काढलेली. घरी परतल्यावर गावाने तोंड फिरवलं. तिने काय केलं? आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांत जाऊन, ज्यांनी विकलं त्यांच्यावर स्वतः केस केली. नेपाळमध्ये असं करणारी ती पहिली. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आठ जणांना शिक्षा दिली. आठ! माझ्या सहा फोटोंतून एकाही आरोपीला शिक्षा झालेली नाही. पुढे तिने आणि तिच्यासारख्या परत आलेल्या मुलींनी मिळून ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. ही संस्था नोंदवायलाही वर्षं लागली, कारण यांच्याकडे नागरिकत्वाचे दाखले नव्हते. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांनी मागितलं काय होतं? दाखला, काम, आणि विकणाऱ्याला तुरुंग. दया त्यांच्या यादीत कुठेच नव्हती.

त्याच सिंधुपाल्चोकमध्ये २०१५च्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं मेली. त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या नाक्यांवर ‘मदतीला आलेले काका’ किती वाढले ते माझ्या त्या वेळच्या सोबत्यांना विचारा.

आता आपल्याकडे येतो. सीमेवर उभं राहून मी नेहमी एका दिशेला तोंड करून असायचो, नेपाळकडे, कारण मुलगी तिकडून येते. खरं तर मागे वळून बघायला हवं होतं. तिला बोलावणारा माझ्या पाठीमागे होता. दिल्लीत, मुंबईत, पुण्यात, बिहारच्या लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात, जयपूरच्या बांगड्यांच्या खोल्यांत (तिथे मुलगे जातात, बिहारचे, दहा-बारा वर्षांचे, त्यांचा फोटो तर कोणीच भिंतीवर लावत नाही). २०२२च्या गुन्ह्यांच्या नोंदीत तेलंगणाच्या मागोमाग महाराष्ट्राचा नंबर लागला होता. काही जण म्हणतील, आपले पोलीस जास्त जागे आहेत म्हणून नोंदी जास्त. असेलही. पण बाजार मोठा असल्याशिवाय नोंदी कशाच्या?

छापा पडतो तेव्हा बातमीत काय असतं बघा. ‘पाच महिलांची सुटका, दलाल ताब्यात.’ गिऱ्हाईक कुठे गेलं? तस्करीतून आणलेली आहे हे माहीत असताना, किंवा माहीत असायला हवं अशा स्थितीत, तिचं शोषण करणाराही कायद्याने गुन्हेगार आहे, २०१३ पासून. तरी गिऱ्हाईक मागच्या जिन्याने घरी जातं आणि बाई सुधारगृहात. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला २०२० मध्ये सांगावं लागलं. स्वतःच्या निर्णयाने तो व्यवसाय करणारी बाई वेगळी आणि विकून आणलेली पोर वेगळी, हा फरक छाप्याच्या गाडीत करत नाहीत. दोघींना एकाच बाकावर बसवतात.

आणि फक्त कुंटणखान्याकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. निवृत्त झाल्यावर आपल्यातले निम्मे काय करतात? सुरक्षा पर्यवेक्षक. ठाणे, हिंजवडी, खारघर, मोठमोठ्या सोसायट्यांची गेटं आपल्याच माणसांच्या ताब्यात आहेत. एजन्सीचा माणूस घरकामाला चौदा वर्षांची पोर घेऊन येतो. झारखंडची असेल, आसामची असेल, नेपाळची असेल. वहीत लिहितात ‘मेड’, वय अठरा. फ्लॅट नंबर. पगार एजन्सीच्या खात्यात. पोर आत जाते ती महिनोन्‌महिने एकटी बाहेर येत नाही. गेटवरचा माजी हवालदार हे रोज बघतो. तो सीमेवर असता तर त्याने तिला थांबवलं असतं. इथे तो सलाम ठोकून बॅरियर वर करतो, कारण मॅडम कमिटीवर आहेत. मी स्वतः अकरा महिने असं गेट सांभाळलंय. एकदा १०९८ ला फोन केला. तिसऱ्या दिवशी माझी दुसऱ्या साइटवर बदली झाली. पोरीला नेलं होतं, एवढं कळलं.

म्हणून बलातल्या आणि बाहेरच्या साहेबांना माझी मागणी आहे. अहवालात ‘सुटका’ हा रकाना ठेवायचा तर त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने आखा: गुन्हा नोंदला का, मुलगी कोणाच्या ताब्यात दिली आणि सहा महिन्यांनी ती कुठे आहे, शिक्षा झाली का. बदली झालेल्या जवानाची साक्ष तो असेल तिथल्या न्यायालयातून व्हिडिओवर घ्या. आपल्याच देशात दुसऱ्या राज्यात विकल्या गेलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही सोय लावून दिलीच आहे. तवांगमध्ये बसलेल्या जवानासाठी का होऊ नये? नेपाळमधल्या मुलीसाठी तीच सोय दोन्ही सरकारांनी मिळून करायची आहे, त्यासाठी पोलादी कुंपणापेक्षा खर्च फार कमी येईल. आणि तोवर फोटो बंद. ओढणीने तोंड झाकलं तरी गावात ओळखतात. दप्तरावरून ओळखतात.

दुसऱ्या वेळी ती मुलगी सापडली तेव्हा फोटो काढला नाही. महिला जवान हट्टाला पेटली, काकाकडे परत पाठवायचं नाही म्हणाली, आणि पलीकडच्या संस्थेतल्या दिदीने तिला काठमांडूत ठेवून घेतलं. त्या माणसाला या वेळी शौचाला जाऊ दिलं नाही. पोरीने जबाब दिला, काकाचं नाव घेऊन. गुन्हा नोंद झाला.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी निवृत्त झालो. गेल्या आठवड्यात गावच्या पत्त्यावर समन्स आलं, पोस्टमनने शेतात आणून दिलं. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला साक्ष आहे. घरचे म्हणाले, दोन दिवस जाणं, दोन दिवस येणं, भत्ता किती मिळणार? रोजनाम्याची झेरॉक्स मी तेव्हाच काढून ठेवली होती, ती ट्रंकेत सापडली. जलपाईगुडीवालीला फोन केला. ती आता राजस्थानात आहे, सुट्टीचा अर्ज टाकलाय म्हणाली. काठमांडूहून मुलगी येणार का, ते अजून कळलेलं नाही. मी तिकीट काढलंय. वेटिंग २३ आहे.